जांभळा नळ आणि पत्र्याचा डबा

३ मार्च

प्रिय,

एवढा एक शब्द लिहून मी बराच वेळ थांबलो. संसाराला एकेचाळीस वर्षे झाली, पण तुला पत्र लिहिण्याचा प्रसंग कधी आला नव्हता. बदली झाली की आपण एकाच ट्रकच्या मागोमाग निघत असू. मग पत्र कुणी कुणाला लिहायचे? कार्यालयात ‘महोदय’ लिहिले की पुढचे आपोआप सुचत असे. ‘प्रिय’च्या पुढे तसे होत नाही, हे आज कळले.

इकडे सर्व ठीक. माझा रक्तदाब एकशे तीस-चौऱ्याऐंशी आहे. ताईंचा गुडघा शस्त्रक्रियेनंतर आता किती अंशांपर्यंत वाकतो, ते कळव. नव्वदच्या पुढे गेला असल्यास प्रगती समाधानकारक समजावी.

फोनवर तू दोनदा म्हणालीस, “तुम्ही लिहून पाठवा. म्हणजे मला हवं तिथं थांबता येईल.” सूचना मला रास्त वाटली. म्हणून सर्व क्रमाने मांडतो. तू आठ दिवसांसाठी म्हणून ताईंकडे गेलीस, त्याला आज तेवीस दिवस झाले. या विलंबाचे कारण मला समजलेले नाही. माझा तर्क असा आहे, की हिरवळीला घातले जाणारे पाणी तुला पसंत नाही. तसे असेल तर दोष माझाच आहे, कारण मी ते तुला पुरेसे समजावून सांगितले नाही.

आपल्या स्वयंपाकघरातून, न्हाणीघरातून जे पाणी जाते, ते वाहत वाहत शुद्धीकरण केंद्रात पोहोचते. तिथे आधी जाळ्यांमध्ये चिंध्या आणि प्लॅस्टिक अडते. मग मोठ्या टाक्यांत गाळ तळाशी बसतो. पुढच्या टाक्यांत खालून हवा सोडलेली असते आणि त्या हवेवर जगणारे कोट्यवधी जिवाणू पाण्यातली उरलीसुरली घाण खाऊन टाकतात. (या जिवाणूंविषयी मी किती बोलतो, यावरून तू एकदा म्हणाली होतीस, की मुलीच्या बारशालासुद्धा मी इतका आनंदलो नव्हतो. ते खरे नाही, पण फरक थोडाच होता.) त्यानंतर ते पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते, त्यात क्लोरीन मिसळले जाते आणि मग ते जांभळ्या पाइपातून घरोघरी परत येते. रंग जांभळा अशासाठी, की हे पाणी पिण्याचे नाही, हे न वाचताही कळावे. हिरवळीला मात्र ते उत्तम. त्यात नत्र असतेच, त्यामुळे वेगळे खत लागत नाही. थोडे क्षार असतात, म्हणून माती निचऱ्याची हवी. पाणी सूर्योदयापूर्वी द्यायचे, म्हणजे कुणी गवतावर बसेपर्यंत ते सुकलेले असते. उन्हाळ्यात नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या या शहरात पिण्याचे पाणी गवतावर ओतणे मला गेली तीस वर्षे पाप वाटत आले आहे. तुला हे माहीत आहेच.

शेजारच्या दंतवैद्यांनी कुंपणावरून विचारले, “काय साहेब, गटारगंगा अंगणात आणलीत म्हणे?” मी त्यांना सांगितले, की आज सकाळी आपण ज्या पाण्याने चूळ भरलीत, तेही कुणीतरी कधीतरी वापरलेलेच होते. त्यानंतर ते आठवडाभर कुंपणापाशी आले नाहीत.

आता वाफ्याविषयी. शहराच्या पाणी-पुनर्वापर योजनेचा नियम असा आहे, की कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या फवाऱ्यांपासून तीन मीटर दूर असाव्यात. तुझे टोमॅटो, पुदिना व मिरच्या फवाऱ्यांच्या टप्प्यात येत होत्या. सबब वाफा काढण्यात आला. नियम करणाऱ्या समितीत मी स्वतः होतो. तेव्हा तो पहिल्यांदा पाळायचा तर मीच पाळला पाहिजे. माळ्याने रीतसर विचारणा केली, मी रीतसर उत्तर दिले, आणि तू ताईंच्या शस्त्रक्रियेसाठी गेली होतीस त्या बारा दिवसांत सर्व काम पूर्ण झाले. तुला परत आल्यावर आश्चर्याचा सुखद धक्का बसावा, अशी योजना होती.

तू आलीस तो क्षण मला नीट आठवतो. पिशवी तुझ्या हातातच होती. तू पायरीवर उभी राहिलीस. तुझ्यासाठी मी वेळापत्रक मोडून एक फवारा भर दुपारी सुरू केला होता. तू तो पाहिला नाहीस. तू विचारलेस, “माती कुठे गेली?”

मला गंमत वाटली. समोर दोनशे चौरस मीटर हिरवळ, आणि प्रश्न मातीचा! मी सांगितले, की जुनी माती चिकण होती, तिचा निचरा होत नव्हता, म्हणून ती काढून वाळूमिश्रित माती भरली. निचऱ्याची कल्पना स्पष्ट व्हावी म्हणून चहाच्या गाळणीत वाळू घालून, वरून पाणी ओतून प्रयोगही करून दाखवला. तू सर्व शांतपणे ऐकलेस. मग म्हणालीस, “चहा घेणार का?” दोन दिवसांनी, “ताईकडे जाऊन येते,” म्हणून पुन्हा निघालीस. बरोबर छोटी पिशवी होती आणि एक रिकामा पत्र्याचा डबा. ताई तुमच्या माहेरच्याच घरात राहतात. त्या घरात डब्यांना तोटा नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे. तो डबा कशासाठी, हेही मला समजलेले नाही.

सोबत पाण्याच्या तपासणीचा अहवाल जोडला आहे. तिसऱ्या स्तंभातील आकडे विशेष पाहावेत. ते वाचून मन स्वच्छ झाले, की कळव.

तुझा,
निवृत्त मुख्य रसायनतज्ज्ञ
(हे सवयीने लिहिले गेले. खोडले तर कागद खराब दिसेल म्हणून राहू देतो.)


१४ मार्च

प्रिय,

तुझे कार्ड मिळाले. सगळे मिळून चार वाक्ये. ती मी इतक्या वेळा वाचली, की पाठ झाली आहेत. “अहवाल मिळाला. पाण्याबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. भाज्या धुतलेलं पाणी मी जन्मभर झाडांनाच घालत आले. मी विचारलं होतं, माती कुठे गेली.”

पहिल्या पत्रातला माझा तर्क चुकला, हे मान्य करतो. मागच्या दाराशी ठेवलेली तुझी ती बादली मला आठवली. तिला अडखळून मी दोनदा पडलो होतो. दोन्ही वेळा तू आधी बादली सांडली का ते पाहिलेस आणि मग मला उठवलेस. म्हणजे वापरलेल्या पाण्याच्या पुनर्वापराची या घरातली पहिली योजना तुझी होती. तिला ना समिती होती, ना पाइप. मी तीस वर्षे भाषणे दिली, आणि त्यातल्या एकाही भाषणात ती बादली आली नाही. हे कसे झाले, ते कळत नाही.

ते असो. प्रश्न मातीचा आहे, तर उत्तर शोधून द्यायचे ठरवले.

प्रथम माळ्याला गाठले. तो कोपऱ्यावरच्या बंगल्यात कुंपण कापत होता. माती कुठे टाकली, असे विचारताच त्याने कात्री खाली ठेवली. म्हणाला, “साहेब, मी तेव्हा विचारलं होतं ना तुम्हाला.” तेव्हा काय विचारले होते ते आत्ता महत्त्वाचे नाही, असे मी त्याला म्हणालो. मग तो बोलला ते मी शब्दशः देतो, कारण त्याने माझा गोंधळ वाढवला आहे: “बाईंच्या मातीला पहार कधी लागलीच नाही. नुसता हात घातला तर कोपरापर्यंत आत जायचा. अशी माती ट्रॉलीत भरताना माझा हात कचरत होता. पण तुम्ही म्हणालात, चिकण आहे.”

घरी येऊन मी वही काढली. मातीची तपासणी मी केली होती, याबद्दल शंका नको. नमुना क्रमांक एक, चिकणमाती, निचरा असमाधानकारक. परंतु नमुना कुठून घेतला, त्या रकान्यात ‘कुंपणाजवळ’ असे आहे. वाफ्यातून नमुना घेतलाच नव्हता. चाळीस वर्षांच्या नोकरीत एका ठिकाणच्या नमुन्यावरून दुसऱ्या ठिकाणचा निष्कर्ष काढणाऱ्यांचे कागद मी लाल शाईने परत पाठवले आहेत.

दुसऱ्या दिवशी शुद्धीकरण केंद्रावर गेलो. माळ्याने माती तिथेच टाकली होती. केंद्राच्या मागे गाळ सुकवण्याचे वाफे आहेत, त्यांच्या पलीकडे एक खोलगट जागा होती, ती भरून घ्यायला त्यांना माती हवीच होती. द्वारपालाने मला अजूनही सलाम केला. आताच्या केंद्रप्रमुखबाईंनी स्वतः येऊन जागा दाखवली. आपल्या मातीबरोबर आणखी बारा घरांची माती तिथे पडली होती आणि वरून रोलर फिरला होता. सपाट मैदान झाले आहे. बाई म्हणाल्या, “सर, छान समतल झालंय ना?” एरवी मी त्यांचे कौतुक केले असते.

मी सात ठिकाणचे नमुने बाटल्यांत भरून आणले. त्या बाटल्या जेवणाच्या टेबलावर ओळीने उभ्या आहेत. (टेबलावर वर्तमानपत्र अंथरले आहे.) सामू मोजला, क्षार मोजले, सेंद्रिय अंश काढला. सातही जवळपास सारख्या. यांतली तुझी माती कोणती, हे मला सांगता येत नाही. आणि त्याहूनही पुढचे असे, की ती ओळखायची कशाला, हेही मला कळत नाही. माती ती माती. बाजारात हवी तशी मिळते. मग तू हा प्रश्न दोनदा का विचारलास?

शेवटी मी मुलीला फोन केला. तिला सर्व हकीगत क्रमाने सांगितली. ती मधेच म्हणाली, “बाबा, आईच्या डब्याचं तुम्हाला खरंच माहीत नाही?”

मी विचारले, “कुठला डबा?”

मग ती तुझ्याच आवाजात म्हणाली (तो आवाज तिने कधी उचलला, ते मला कळले नाही), “तुमच्याकडे याद्या आहेत ना बदल्यांच्या? त्या काढा. चारही. आणि शेवटची ओळ वाचा.”

याद्या पोटमाळ्यावरच्या ट्रंकेत आहेत. तू घरी नसताना मी शिडीवर चढू नये, असा तुझा नियम आहे. म्हणून उद्या सकाळी दंतवैद्यांना शिडी धरायला बोलावले आहे. ते आनंदाने येतो म्हणाले. त्यांना माझी अवस्था बघायची असावी.

ताईंचा गुडघा किती वाकतो, ते तू लिहिले नाहीस.

तुझा


२३ मार्च

प्रिय,

हे पत्र लिहायला मला आठ दिवस लागले. तीन कागद फाडले. तू मला कधी कागद फाडताना पाहिलेले नाहीस.

याद्या सापडल्या. दंतवैद्यांनी शिडी धरली आणि संपूर्ण वेळ वरून खाली पडणाऱ्या धुळीवर भाष्य केले. चार बदल्यांच्या चार याद्या, निळ्या दोऱ्याने बांधलेल्या, माझ्या अक्षरात. कपाट, १. पलंग, २. पुस्तकांच्या पेट्या, ११. प्रत्येक नगासमोर शेरा: ‘नाजूक’, ‘जड’, ‘वर ठेवावे’. आणि चारही याद्यांची शेवटची ओळ एकच: ‘पत्र्याचा डबा, १, संकीर्ण.’

तो डबा मला आठवला. प्रत्येक वेळी ट्रक भरून तयार असे, चालक हॉर्न वाजवत असे, आणि तू घरामागे गेलेली असायचीस. मी यादी हातात घेऊन उभा असे. शेवटची ओळ रिकामी असे. मग तू यायचीस, हात कोपरापर्यंत मातीचे, छातीशी डबा. मी विचारत असे, “यात काय आहे, काय लिहू?” तू म्हणायचीस, “लिहा काहीतरी.” मी काहीतरी लिहिले. चार वेळा एकच.

बाकीचे मुलीने सांगितले. पहिला डबा तू लग्नात माहेराहून आणला होतास. सासरी जाणारी मुलगी मातीने भरलेला डबा घेऊन चालली, म्हणून ताई तुला किती हसल्या होत्या, तेही तिने सांगितले. तो पहिल्या क्वार्टरच्या मागे रिकामा केलास. तिथून निघताना त्याच वाफ्यातली माती पुन्हा त्याच डब्यात, आणि ती दुसऱ्या घरी. असे या घरापर्यंत. प्रत्येक वाफ्यात आधीच्या सगळ्या वाफ्यांचे थोडे थोडे. मुलीला हे पाठ आहे. लहानपणी डबा धरायचे काम तिचे होते. मला विचारलेस तर ट्रक किती वाजता निघाला, ते मी चारही वेळचे सांगू शकेन.

आता मला जे लिहायचे आहे, ते आधी माझ्या विषयातून सांगतो. दुसऱ्या वाटेने मला तिथे पोहोचता येत नाही.

नवे शुद्धीकरण केंद्र उभे राहिले, की त्याच्या टाक्यांत पाणी भरले म्हणून ते सुरू होत नाही. जिवाणू हवेत. ते आपोआप यायला महिनोन् महिने लागतात. म्हणून जुन्या, चालू केंद्रातला गाळ एका पिंपात भरून नेतात आणि नव्या टाकीत ओततात. दह्याला विरजण लावतात, तसेच. आम्ही त्याला विरजणच म्हणत असू. ज्या चार वेळा आपण घर हलवले, त्या चारही वेळा मी नव्या केंद्रासाठी असे पिंप बरोबर नेले. ते ट्रकमध्ये मधोमध, सावलीत ठेवायचे. वाटेत दर दोन तासांनी गाडी थांबवून मी त्याचे झाकण उघडत असे, कारण त्याला हवा लागते. पाऊण रस्ता झाल्यावर तू एकदा म्हणाली होतीस, “पोरीला भूक लागलीये, त्या पिंपाला नंतर हवा द्या.”

त्याच चार याद्यांत, चौथ्या ओळीवर, लाल शाईने अधोरेखित करून लिहिले आहे: ‘विरजण, पिंप, १, अत्यंत महत्त्वाचे.’

एका ट्रकमध्ये दोन विरजणे होती. एकासाठी मी गाडी थांबवत होतो. दुसरे तुझ्या मांडीवर होते. याद्या पुढ्यात ठेवून मी बसलो, आणि दंतवैद्य खालून विचारत राहिले, “सापडलं का साहेब, काय शोधत होतात ते?” मी याद्यांना पुन्हा निळा दोरा बांधला.

आता आणखी दोन गोष्टी, ज्या मी पहिल्या पत्रात सफाईने टाळल्या होत्या.

पहिली. नियमाने वाफा काढावा लागला, असे मी लिहिले. ते खरे नाही. तीन मीटरचा नियम आहे, पण त्याच्याच खाली सूट आहे: शेजारचे फवारे बंद करून वाफ्याला पिण्याचे पाणी वेगळे दिल्यास वाफा ठेवता येतो. ती सूट माझ्याच सूचनेवरून घातली गेली. भाजीपाला करणाऱ्या बायकांवर अन्याय होऊ नये म्हणून, असे मी समितीला सांगितले होते. दोन फवारे बंद केले असते तर तुझा वाफा राहिला असता. फक्त हिरवळ कोपऱ्यात तुटली असती. आणि योजनेच्या माहितीपत्रकावर आपल्या अंगणाचे छायाचित्र छापायचे ठरले होते. मला हिरवळ अखंड हवी होती.

दुसरी. माळ्याने रीतसर विचारणा केली, असे मी लिहिले. ती विचारणा अशी होती: “बाईंना विचारलंत का?” आणि माझे रीतसर उत्तर होते, “हो.”

हे लिहायला आठ दिवस लागले. तू परत यायच्या आत काम संपले पाहिजे, अशी मी माळ्याची पाठ धरली होती. सुखद धक्क्यासाठी, असे मी स्वतःला सांगत होतो. पण ज्याला उत्तर माहीत नसते, तो विचारतो. मी विचारले नाही. तेव्हा मला काहीतरी माहीत असले पाहिजे. काय माहीत होते, हे मी आजही नीट सांगू शकत नाही.

माहितीपत्रक छापून आले. पाचशे प्रती व्हरांड्यात पडून आहेत. मुखपृष्ठावर हिरवळ, अखंड. दंतवैद्यांनी एक उचलली आणि चष्मा वर करून म्हणाले, “वहिनींच्या चपला आल्यात की फोटोत.” खरेच आहे. मागच्या दाराशी, अगदी कडेला, तुझ्या वाफ्यातल्या त्या रबरी चपला. त्या हलवायला मी छायाचित्रकाराला सांगितले होते. तो विसरला असावा.

मी पत्रक टाकून मागे गेलो. चपला तिथेच होत्या. तू दोन्ही वेळा ताईंकडे चांगल्या चपला घालून गेलीस. मी त्या उलट्या केल्या. तळव्यांच्या खाचांत माती होती, सुकून घट्ट बसलेली. तुझे खुरपे पायरीखाली सापडले, त्याच्या मुठीपाशीही थोडी होती. चहाच्या चमच्याने, वर्तमानपत्रावर, मी ती सगळी खरवडून काढली. तासभर लागला. एकूण दोन चमचे भरली. ती मी एका वाटीत ठेवली आहे. वर ओले फडके आहे. पिण्याच्या पाण्याचे.

दर दोन तासांनी फडके उचलून तिला हवा देतो. याचा उपयोग होतो की नाही, माहीत नाही. दंतवैद्य म्हणाले, “साहेब, ते काय अंडं आहे का?” पण जाताना त्यांनीच फडके नीट केले.

हिरवळीचा स्वयंपाकघराकडचा कोपरा मी कापून काढला आहे. दोन फवारे बंद केले. त्यांच्या तोंडांना बुचे बसवली. पुढच्या फवाऱ्यापासूनचे अंतर तीनदा मोजले: तीन मीटर वीस. बाकीची हिरवळ राहील आणि तिला जांभळ्या नळाचेच पाणी मिळेल. त्यात माझी चूक नव्हती, एवढे तरी मला धरून राहू दे. कोपऱ्यात सध्या एक रिकामा खड्डा आहे. माळी विचारून गेला, यात काय भरायचे. मी म्हणालो, “बाईंना विचारून सांगतो.”

विरजणाला चमचाभर पुरते, हे मी आयुष्यभर शिकवले. पण ते ताजे आणि जिवंत असावे लागते. चपलेच्या तळव्याला जवळजवळ दोन महिने सुकलेली माती जिवंत आहे का, हे तपासण्याची रीत मला येते. तपासले नाही. मला उत्तर नको आहे. असे मला पूर्वी कधी झाले नव्हते.

आता माझा शेवटचा गोंधळ, आणि यात मला तुझी मदत लागेल. तू रिकामा डबा घेऊन माहेरी गेलीस. आता मला कळते, की तो तिथे पुन्हा भरण्यासाठी नेला आहेस, अगदी पहिल्यापासून सुरुवात करण्यासाठी. परंतु डबा भरण्याची तुझी पद्धत मी चार याद्यांत नोंदवलेली आहे: तो घर सोडताना भरतात आणि पुढच्या घरी रिकामा करतात. म्हणजे पुढचे घर ठरलेले असावे लागते. ते कोणते, हे मला काढता येत नाही. हे घर की दुसरे, मी दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. हाती असलेली सर्व माहिती दोन्ही उत्तरांशी सारखीच जुळते.

हा खड्डा किती खोल असावा, तेही मला माहीत नाही. सध्या माझ्या कोपरापर्यंत हात जातो.

ताईंना नमस्कार. सोबत या घरातील सामानाची नवी यादी जोडत आहे. बदली नसताना यादी करण्याचे काही कारण नव्हते, पण दुसरे काय करावे ते सुचेना. तिच्या शेवटच्या दोन ओळी इथेही उतरवतो, न जाणो तू यादीपर्यंत पोहोचण्याआधीच थांबशील.

मातीची वाटी, १, अत्यंत महत्त्वाचे.

निवृत्त रसायनतज्ज्ञ, १, संकीर्ण.